निव्वळ विक्री

झोपेत कूस बदलताना माणसाचा हात साधारण एक वीत सरकतो. कुणी मोजलं नसेल. मी मोजलंय.

"आपणांस कळविण्यास आनंद होतो की."

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, पित्ताशय काढलं म्हणून माझ्यातलं पित्त गेलं असं कुणी समजू नये.

मेणबत्तीवर धरलेलं प्लास्टिक आधी घाम आल्यासारखं चमकतं, मग वाकतं. त्या दोहोंच्या मध्ये श्वास रोखून धरायचा असतो.

लिफ्ट बंद आहे. जिना वापरा. जिना पुसताहेत.

अकरा. परत मोजले. अकराच.

तर घडलं एवढंच, की सकाळी पाकीट आलं आणि दुपारी चार वाजता, भेटायच्या वेळेला, मी जाऊबाईंना बघायला दवाखान्यात गेले. कंपनीचं पाकीट वर्षातून दोनदा येतं. आठ वर्षं येतंय. आत एकच कागद, त्यावर तीन ओळी: एकूण विक्री, वजावट, निव्वळ विक्री. खाली चौथी ओळ माझी, निव्वळ विक्रीच्या चार टक्के. व्यवस्था साधी आहे, निदान मला समजावून सांगताना ती साधी होती. वस्तू, म्हणजे सलाईनची नळी धरून ठेवणारा चिमटा, मी शोधली, तेव्हा तिच्यावरचा हक्क माझा. ती बनवायची आणि विकायची परवानगी कंपनीला. आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे मला हिस्सा. त्या हिश्शाला रॉयल्टी म्हणतात. शब्दात राजा आहे, आणि राजासारखाच तो वर्षातून दोनदा दर्शन देऊन जातो. आमचे हे हयात होते तेव्हा पाकीट दिसलं की म्हणायचे, "महाराणी, खंडणी आली." खंडणी कधीच मोठी नव्हती. एकदा तिच्यातून मिक्सर आला, एकदा ह्यांचा चष्मा. पण चौथ्या ओळीत आकडा असायचा. गेल्या वेळी तिथे शून्य होतं. मी म्हटलं, होतं कधी कधी, मंदी असेल. आज पुन्हा शून्य, आणि सोबत एक दुसरा कागद. आपणांस कळविण्यास आनंद होतो की कलम नऊनुसार सलग दोन सहामाहींत निव्वळ विक्री शून्य राहिल्याने करार संपुष्टात येत असून सदर वस्तूवरील सर्व हक्क कंपनीकडे वर्ग होतील. सोबतच्या हिशेबावर सही करून तीस दिवसांत परत पाठवावा. न पाठवल्यास हिशेब मान्य समजण्यात येईल. कागदावरची तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची. म्हणजे सही केली तरी चार दिवसांनी चिमटा माझा राहणार नाही, आणि नाही केली तरी राहणार नाही. आनंद कुणाला होत होता ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर सकाळी मला राग आलाच नाही. शेवटचं शून्य तेवढं वाचलं, वरच्या ओळी नाहीत, आणि मला त्या चिमट्याची कीव आली. बिचारा खपत नाही. कुणाला नको झालाय. त्याच्यापेक्षा चांगलं काहीतरी निघालं असेल, हुशार पोरं काय काय शोधतात हल्ली, आपण म्हाताऱ्या झालो, आपला चिमटाही म्हातारा झाला. मी सही करायला पेनसुद्धा काढलं होतं. मग दूध उतू गेलं, ओटा पुसण्यात वेळ गेला, पेन तिथंच राहिलं. माणसाचं नशीब म्हणतात ते एवढ्याशा दुधावर तरंगत असतं.

आणि दुपारी वॉर्डात पाय ठेवला तर खाटेच्या कठड्याला तो. निळा. अर्ध्या तळहाताएवढा, एका बाजूने कठड्याला मिठी मारलेला, दुसऱ्या बाजूच्या कडीतून सलाईनची नळी सैल सोडलेला. जाऊबाईंच्या खाटेला एक. शेजारच्या खाटेला एक. खिडकीपर्यंत सहा, परतीच्या रांगेत पाच. मी पिशवी हातात घेऊन मध्येच उभी राहिले. माझं मूल मी वारलेलं समजत होते आणि ते इथे अकरा खाटांवर कामाला लागलेलं होतं.

"अगं ये ना पुढे, तपासायला आल्यासारखी काय उभी राहिलीस," जाऊबाई म्हणाल्या. "निवृत्त झालीस ना सात वर्षांपूर्वी?"

"ताई, हा चिमटा बघितलात?"

"बघू कशाला, तो मला चोवीस तास धरून बसलाय. तुझाच ना? मी त्या पोरीला सांगितलं, आमच्या धाकटीने केलाय हा. ती म्हणाली, बरं बरं. म्हाताऱ्या माणसाला भूल उतरताना असं होतं म्हणाली."

ती पोरगी म्हणजे वॉर्डची नर्स. चपळ, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूने बांधलेलं. मी तिला विचारलं, हा काय प्रकार आहे. "हा ना काकू? फार भारी वस्तू आहे. पेशंट कितीही वळवळू दे, सुई हलत नाही. हा नसता तर निम्मा दिवस सुया परत लावण्यात गेला असता." मी विचारलं, मिळतो कुठे. "मिळतो कुठे म्हणजे? फुकट येतो. सेटबरोबर." तिने कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. नळी, सुई, चिकटपट्टी, कापूस. आणि कोपऱ्यात लाल गोळ्यात, जत्रेतल्या फुग्यावर असतात तशा गोल गोल अक्षरांत: सोबत चिमटा मोफत.

"फुकट आहे ना?" जाऊबाई म्हणाल्या. "मग चार घेऊन जा घरी. तुझेच आहेत."

मोफत. मी स्टुलावर बसले. जाऊबाई काहीतरी सांगत होत्या, थोरल्या सुनेने आणलेल्या पातळ भाताबद्दल, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात छान होता. सूज नाही, निळं-काळं नाही, सुईभोवती कोरडी स्वच्छ कातडी. असे हात मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिली वीस वर्षं बघितलेच नव्हते. तेव्हा आम्ही नळी पट्टीने घट्ट बांधायचो. जितकी घट्ट तितकी चांगली नर्स. माणूस झोपेत वळला की नळी ताणली जायची, सुई शिरेतून निसटायची, सलाईन मांसात उतरायचं आणि हात भाकरीच्या पिठासारखा फुगायचा. मेट्रन विचारायच्या, "सिस्टर, लक्ष कुठे असतं तुमचं?" लक्ष तिथंच असायचं. एकदा एक घड्याळजी आला होता, फुप्फुसात पाणी झालेला, एका कुशीवर दोन मिनिटं राहायचा नाही. तिसऱ्यांदा सुई लावताना मी रडकुंडीला आले. तो म्हणाला, "सिस्टरबाई, रागावू नका, पण तुम्ही आवळताय तिथं चुकतंय. मनगटावरचा पट्टा आवळला की तुटतो. एक बोट जाईल एवढा सैल ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो. धरायचं, पण आवळायचं नाही." एवढंच बोलला आणि खोकला. मी दुसऱ्या दिवशी घरून मोजपट्टी आणली. आठवडाभर झोपलेल्या माणसांचे हात मोजले. लोक मला वेडी म्हणाले. मग कपडे वाळत घालायचे चिमटे, मेणबत्ती, जुन्या नळीचे तुकडे. (वजावट: भाजलेली बोटं, दोन.) सुटीचे दिवस ओट्यापाशी. (वजावट: सुट्या.) हे म्हणायचे, "झालं का शास्त्रज्ञ, का आज उपाशीच?" आणि मग स्वतःच कुकर लावायचे, ते वजा करता येणार नाही. चौदावा चिमटा जमला. घड्याळजी तोवर राहिला नव्हता. चौदावा मी ज्या बाईला लावला ती रात्रभर पालथी झोपली आणि सकाळी सुई जागच्या जागी. मेट्रन म्हणाल्या, "छान आहे." चौतीस वर्षांत एकदाच म्हणाल्या.

ह्या सगळ्याला लाल गोळ्यात मोफत म्हणतात.

राग मला जिन्यात आला. उशिरा येणारा राग वाईट, त्याला तोवर भरपूर वाचायला मिळालेलं असतं. दिवस मावळायच्या आत मी घरी येऊन करार काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. ह्यांच्या चष्म्याने वाचला, माझ्यापेक्षा तो बरा आहे. आठ वर्षांत मी तो तीनदा वाचला असेन आणि प्रत्येक वेळी माझं नाव जिथे होतं तेवढंच नीट वाचलं असेल. आता कलमं वाचली. कलम नऊ, शून्याचं. कलम अकरा, की मला कंपनीच्या वह्या तपासता येतील, स्वतःच्या खर्चाने, आणि मोठा फरक निघाला तर खर्च कंपनीचा. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी आयुष्यभर वाचलं, कुणाला एक थेंब चुकीचा जाऊ दिला नाही, आणि स्वतःच्या बाटलीवरचं वाचलं नाही. हे निव्वळ माझं अज्ञान. बघा, इथेच. निव्वळ. आपण म्हणतो निव्वळ मूर्खपणा, निव्वळ थापा, निव्वळ योगायोग. निव्वळ मूर्खपणा म्हटलं की मूर्खपणातून काय वजा केलं असं कुणी विचारत नाही. निव्वळ म्हणजे नुसतं तेच, अस्सल, भेसळ नसलेलं, काठोकाठ. मी आठ वर्षं 'निव्वळ विक्रीच्या चार टक्के' असं वाचत होते आणि मला वाटत होतं, किती स्वच्छ शब्द. खरी विक्री, सगळीच्या सगळी. मध्ये वजावटीची ओळ होती, पण ती पूर्वी एवढीशी असायची, वाटेत फुटलेले, परत आलेले, मी म्हणायचे असेल बाई, माल आहे, फुटणारच. आज ती ओळ वरच्या ओळीएवढी लांब होती. आकड्याला आकडा. एकूण विक्रीच्या खोलीत जेवढी माणसं शिरली तेवढीच वजावटीच्या दाराने बाहेर, आणि निव्वळच्या खोलीत सतरंजीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी कंपनीच्या कचेरीत होते. हिशेबनीसांच्या खोलीत पंखा जोरात होता म्हणून प्रत्येक कागदावर काही ना काही ठेवलेलं: दगड, कुलूप, चहाची बशी, एका गठ्ठ्यावर चक्क माझा चिमटा. मी तो बघितला. त्यांनी मी बघितल्याचं बघितलं आणि उचलून खणात टाकला. गठ्ठा उडाला. दोघांनी मिळून गोळा केला.

"बसा ना बाई. चहा घेणार?"

"वजावटीत धरणार असाल तर नको."

ते हसले. वाईट माणूस नव्हता, ह्याचा मला जास्त राग आला. कपाळावर चष्मा, अंगठ्याला शाई, बोलताना पेन्सिलने टेबलावर हलकी टिकटिक. मी वॉर्डातलं पाकीट पुढे ठेवलं आणि म्हटलं, अकरा खाटांचं एक दालन, तिथं अकरा, आणि तुमच्या कागदावर शून्य. मला बेरीज येते.

"शून्य कुठं आहे? बघा की. एकूण विक्री एकेचाळीस हजार नग. आम्ही लपवलेलं नाही. संचाची किंमत शंभर, त्यात तुमच्या चिमट्याचे बारा धरलेत. नीट धरलेत. आता संचावर आम्ही दवाखान्यांना बाराची सूट देतो."

"बाराचीच."

"योगायोग आहे."

"आणि ती चिमट्यातून वजा करता. पट्टीतून नाही. सुईतून नाही."

"सुई आमची स्वतःची आहे. आणि पट्टीतून वजा केली तर पट्टीवाला भांडायला येतो."

"आणि मी?"

"तुम्ही आज पहिल्यांदा आलात," ते म्हणाले, आणि हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की पेन्सिलसुद्धा थांबली.

आठ वर्षं मी शहाण्यासारखी घरी बसून होते. पाकीट आलं की आभाराची दोन ओळींची चिठ्ठी पाठवायचे. माझ्या चिठ्ठ्या त्या फायलीत असतील, एकाखाली एक, आणि त्या वाचून कुणीतरी, हा माणूस नसेल, वरचा कुणी, म्हणाला असेल, सूट कुठे बसवायची? बाईंच्या चिमट्यात बसवा. बाई आभार मानतात. भांडणाऱ्याची पट्टी पूर्ण किमतीला जाते आणि आभार मानणारीचा चिमटा मोफत. आम्हा नर्सांना हे शिकवावं लागत नाही, अंगात असतं, पेशंट ओरडला तरी हसायचं, डॉक्टर ओरडला तरी हसायचं. चौतीस वर्षं हसून हसून माझ्या तोंडाला एक वळण पडलंय, रागावले तरी लोकांना वाटतं बाई बऱ्या आहेत. आत्ताही त्या हिशेबनीसाला तसंच वाटत असणार. माझे कान गरम झाले होते. आणि तरी तोंडाने मी हसत असणार.

"बारा वजा बारा," मी म्हटलं. "आणि उरलेल्याला तुम्ही निव्वळ म्हणता."

"सूट, मोडतोड, परतावा, वाहतूक वजा जाता उरतं त्याला निव्वळच म्हणतात, बाई. सगळीकडे म्हणतात. 'एकूण'वर टक्के असते तर तुम्हाला ह्या सहामाहीत एकोणीस हजार सहाशे ऐंशी मिळाले असते. विक्री शून्य नाही, तर करारही संपला नसता. पण करारात 'निव्वळ' आहे."

"कुणी घातला तो शब्द?" माझा आवाज चढला. बाहेरच्या टायपिस्टचा खडखडाट थांबला. "गोरगरिबांना कळू नये म्हणून असले शब्द शोधून काढता तुम्ही. कुणाच्या डोक्यातून आला? मला त्या माणसाला बघायचंय."

ते उठले, कपाटातून जाड फाईल काढली, मागची पानं चाळली, एक पान उघडलं आणि फाईल फिरवून, माझ्या बाजूने सुलटी करून, हळूच पुढे सरकवली. स्वतः पंख्याकडे बघत राहिले.

मी बघितलं. मग फाईल मिटली आणि हिशेबाचा कागद मागितला.

"पेन आहे?"

"सही करताय?" त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"रकाना कुठाय अमान्य लिहायला?"

"तसा रकाना नाही, बाई. छापील आहे. 'हिशेब मान्य' आणि खाली सहीची जागा. अमान्य कुणी लिहीत नाही."

छापील ओळीत 'हिशेब' आणि 'मान्य' ह्यांच्यामध्ये जागा होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. औषधाच्या कागदांवर मी याहून कमी जागेत डोस लिहिलेत. मी चष्मा पुसला आणि 'मान्य'च्या पुढ्यात एक 'अ' बसवला. नीट, उभी रेघ ओढून, कुणाला धूळ किंवा छपाईची चूक वाटणार नाही असा. शिरेत सुई घालावी तसा, एकाच दमात. खाली सही, तारीख. मग म्हटलं, कलम अकरा, मला संचाच्या विक्रीच्या वह्या बघायच्यात.

"पंधरा दिवस आधी लेखी कळवावं लागतं. आणि खर्च तुमचा."

"फरक निघाला तर तुमचा. तेही वाचून आलेय."

त्यांनी कोरा कागद दिला. मी लिहायला घेतलं आणि भडाभडा लिहीत सुटले, विश्वासघात, लबाडी, चौतीस वर्षांची सेवा. त्यांनी पेन्सिलने कागदावर टकटक केलं. "बाई, मी काही बोललो नाही, पण हे सगळं काढा. एकच लिहा. सूट संचावर आहे, चिमट्यावर नाही. तेव्हा ती संचातल्या सगळ्या वस्तूंवर वाटून लावावी. बारातले बारा नाही, शंभराला बारा. मग तुमच्या बारातून दीडही जाणार नाही. निव्वळ शून्य होणार नाही." मी पेन थांबवलं. "मी बोललो नाही," ते पुन्हा म्हणाले. "माझा भाऊ पट्टीवाला आहे."

मी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर तेवढंच लिहिलं. दोन्ही कागदांवर त्यांनी 'पोचले' असा शिक्का मारला आणि माझ्या प्रतीवरची शाई वाळेपर्यंत पंखा बंद केला. तिसाव्या दिवसाला तीन दिवस बाकी होते. ज्या हिशेबाला हरकत आहे त्यावरून करार संपवता येत नाही, हेही करारातच होतं, कलम दहा, वाचणाऱ्यासाठी.

दुपारी जाऊबाईंचं सलाईन काढलेलं होतं. हाताला फक्त कापसाचा एक बोळा. रात्री फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं होतं; त्या कुशीवर वळून माझी वाटच बघत होत्या.

"मग? रडून आलीस का रडवून?"

"लढून आले. अजून पंधरा दिवसांनी जायचंय."

"जा. मीही येते, मला टाके पडलेत, मला कुणी काही बोलणार नाही." मग डोळे बारीक करून, "आणि तो शब्द? काय तो, निव्वळ. तो कुणाच्या डोक्यातून निघाला ते विचारलंस का?"

"विचारलं."

"कुणी घातला?"

"कंपनीनं," मी म्हटलं. "दुसरं कोण घालणार."

"मेले लबाड," जाऊबाई म्हणाल्या, आणि समाधानाने दुसऱ्या कुशीवर वळल्या.

आठ वर्षांपूर्वी कंपनीने पाठवलेल्या मसुद्यात 'एकूण विक्रीच्या चार टक्के' असं होतं. 'एकूण' खोडून 'निव्वळ' मी लिहिलं, आणि समासातली बारीक सही माझी आहे.